जाळी लागलेली ज्वारी

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकोणीस नंबरच्या पेटीचं जाळीचं झाकण उचललं. पेटी भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. आत पन्नास-साठ पाकोळ्या बसलेल्या असायला हव्या होत्या. सात होत्या. वीस नंबरमध्ये चार. एकवीसमध्ये एकही नाही.

"मॅडम, आज काहीच निघालं नाही?" सुनंदाने विचारलं. ती काचेच्या नळ्या घेऊन तयार उभी होती. एकेक पाकोळी नळीत घ्यायची आणि जाळीच्या पिंजऱ्यात सोडायची, हे आमचं सकाळचं पहिलं काम.

"पुढची उघड," मी म्हटलं.

चोवीस नंबरपर्यंत तीच गत. त्या खोलीत एकूण बेचाळीस पेट्या होत्या.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी एक साखर कारखाना होता. त्याच्या शेतकी विभागाने एक छोटी प्रयोगशाळा काढली होती आणि मी तिची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे मी एकटीच. हाताखाली रोजंदारीवर पाच बायका. मी जळगावची, मेहरूणची. एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं आणि नोकरीत प्रोबेशनवर होते.

आमचं काम ऐकून लोक हसत. आम्ही पाकोळ्या पाळत होतो.

उसात खोडकीड लागते. तिची अळी एकदा कांडीत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच मारायचं. हे काम ट्रायकोग्रामा नावाचा कीटक करतो. तो टाचणीच्या डोक्याहूनही लहान असतो. तो किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू किडीचं अंडं आतून खाऊन टाकतं. हा कीटक लाखांनी हवा, तर त्याला लाखांनी अंडी पुरवायला हवीत. तेवढी अंडी देणारी, स्वस्तात पोसली जाणारी एकच पाकोळी आम्हाला ठाऊक होती. तिचं नाव कोरसायरा.

तुम्ही ती नक्की पाहिलेली आहे. ज्वारीचा किंवा रव्याचा डबा बरेच दिवसांनी उघडला की आत दाणे जाळ्यात गुंतून गोळे झालेले असतात. ज्वारीला जाळी लागली, असं आपण म्हणतो. ते काम कोरसायराच्या अळीचं. डब्यातून भुर्रकन उडून भिंतीवर बसते ती पाकोळी म्हणजे तीच, मोठी झालेली. दिसायला अगदी सामान्य. लांबी अर्ध्या इंचाच्या आतच. रंग मळकट राखाडी, त्यात थोडी तपकिरी झाक. बसली की पंख छपरासारखे अंगावर मिटून घेते. मादी नरापेक्षा थोडी मोठी. तोंडापुढे मिशांसारखे दोन अवयव असतात, ते मादीचे लांब आणि टोकदार, नराचे आखूड. आमच्या बायका भिंगाशिवाय नर-मादी ओळखत. मला ते जमायला दोन महिने लागले.

हिचं मूळ गाव कुठलं ते आज सांगता येत नाही. माणसाने धान्य पोत्यात भरलं आणि गाड्यांतून, जहाजांतून हलवलं, त्याबरोबर ही गेली. आफ्रिका, लंका, ब्रह्मदेश, जिथे उकाडा आणि धान्याची कोठारं, तिथे ही आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, शेंगदाणे, काहीही चालतं. शेतात मात्र तिला फारसं काम नाही. ती घरात, गोदामात राहणारी.

आम्ही ज्वारी भरडून, भट्टीत तापवून, त्यात शेंगदाण्याचा कूट घालून पेट्या भरत असू. वर कोरसायराची अंडी शिंपडायची. ती खसखशीहून बारीक, मोत्यासारखी पांढरी. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात. अळी पिवळट पांढरी, डोकं तपकिरी. महिनाभर ती खाते आणि जाळं विणते. मग त्याच जाळ्यात कोष करते. आठ-दहा दिवसांनी कोषातून पाकोळी. पाकोळी काही खात नाही. आठवडाभर जगते, दोन-तीनशे अंडी देते आणि मरते. ही अंडी चाळायची, पाखडायची, डिंकाने कार्डावर चिकटवायची आणि ट्रायकोग्रामापुढे ठेवायची. चार दिवसांत अंडी काळी पडली की कार्ड तयार. शेतकऱ्याने ते उसाच्या पानाला टाचायचं.

सगळं गणित चाळीस दिवसांचं. आणि आमच्या एक्केचाळीसाव्या दिवशी पाकोळ्या नव्हत्या.

मी एकोणीस नंबर पेटी टेबलावर ओतली. जाळी होती, भरड ज्वारी होती, अळ्याही होत्या. चांगल्या पोसलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. पण हलत नव्हत्या.

"मेल्या," मी म्हटलं. "ज्वारीला कुणीतरी औषध लावलेलं असणार."

कमळाक्का शेजारी उभ्या होत्या. पाचही बायकांत वयाने मोठ्या, पन्नाशीच्या. प्रयोगशाळा निघाल्यापासून तिथे होत्या, म्हणजे माझ्या आधीपासून. त्यांनी एक अळी तळहातावर घेतली, बोटाने उलटी केली, नाकाजवळ नेली.

"मॅडम, ह्या मरेल नहीत," त्या म्हणाल्या. "मरेल अळी काई पडस, वास मारस. ह्या निजेल शेतस."

मरेल म्हणजे मेलेल्या, निजेल म्हणजे झोपलेल्या. मेलेली अळी काळी पडते, हे बरोबर होतं. ह्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मी एक अळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कडेला कातडीवर पाच-सहा पारदर्शक ठिपके चिकटलेले होते. दुसऱ्या अळीवर ठिपक्यांच्या जागी बारीक पिल्लं होती, अळीला तोंड लावून बसलेली. तिसरीचं नुसतं कातडं उरलं होतं आणि शेजारी पांढरे कोष होते, जिऱ्याएवढे.

हा ब्रॅकॉन. गांधीलमाशीच्या गणगोतातला, पण मुंगीहून लहान. मादी अळीला नांगी मारते. अळी मरत नाही, लुळी पडते. मग ही तिच्यावर अंडी घालते. पिल्लांना ताजं अन्न मिळतं. अंड्यापासून नवा ब्रॅकॉन व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. आमची पाकोळी चाळीस दिवसांत एक पिढी करते, तेवढ्यात ह्याच्या तीन होतात. अशी प्रयोगशाळा रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

गंमत अशी की शेतात हा शेतकऱ्याचा मित्रच. आमच्याच पुस्तकांत त्याचं कौतुक असतं.

दुपारी शेतकी अधिकारी देवरे साहेब आले. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं.

"आजच फवारा मारून घ्या. संध्याकाळपर्यंत साफ."

"साहेब, फवाऱ्याने ब्रॅकॉन मरेल, कोरसायरा मरेल आणि पलीकडच्या खोलीतला ट्रायकोग्रामाही मरेल. भिंतींत वास राहिला तर पुढचे दोन महिने इथे काही जगणार नाही."

"मग काय करायचं? पाडव्यानंतर कार्डं देणार म्हणून मी गावोगाव सांगून बसलोय."

"ह्या खोलीतल्या सगळ्या पेट्या जाळायच्या. मागच्या खोलीत सहा पेट्या आहेत, त्या स्वच्छ वाटतात. त्यांच्या अंड्यांपासून पुन्हा सुरुवात."

"म्हणजे चाळीस दिवस."

"चाळीस दिवस."

मग साहेबांनी जो प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता. "हा आत आला कसा?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. खोलीला दोन दारं होती, आतलं लाकडी आणि बाहेरचं बारीक जाळीचं. दोन्ही कायम बंद ठेवायची, असा नियम होता. आठ-दहा दिवसांपूर्वी मी सकाळी आले तर दोन्ही दारं सुतळीने बांधून उघडी ठेवलेली होती. आत कमळाक्का पेट्या झाडत होत्या. मी रागावले. त्या म्हणाल्या, "दम लागस माले. भुकटी नाकमा जास." पाकोळीच्या पंखांवर बारीक खवले असतात, त्यांची धूळ खोलीभर उडते. बायका नाकाला पदर बांधत. तरी खोकला सगळ्यांना होता, अक्कांना जास्त. मी तेव्हा दारं लावायला सांगितली आणि तो विषय संपवला.

आता मी ते सगळं साहेबांना सांगितलं.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "मेमो द्या. नाव मस्टरवरून कमी करा."

मेमो मीच लिहिला. दार उघडे ठेवल्याने परोपजीवी कीटकाचा शिरकाव होऊन प्रयोगशाळेचे नुकसान झाले, असं वाक्य होतं. अक्कांनी अंगठा केला. जेवणाचा डबा पिशवीत घातला. जाताना एवढंच म्हणाल्या, "दार मी उघडं व्हतं, हाई खरं शे."

गाळपाचा हंगाम चालू होता, त्यामुळे बॉयलर पेटलेले होते. दुसऱ्या दिवशी बेचाळीसही पेट्यांतली ज्वारी, जाळी, अळ्या, सगळं पोत्यांत भरून, तोंडं शिवून बॉयलरच्या भट्टीत टाकलं. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, भाकरी भाजल्याचा वास येतोय." आला खरा. कुणी हसलं नाही. पेट्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घातल्या. खोली चुन्याने रंगवली.

मग अहवाल लिहायला बसले. अहवालाला तारखा लागतात, म्हणून पेट्यांचं रजिस्टर काढलं.

दार उघडं सापडलं तो दिवस सहा फेब्रुवारी. त्याच्या आधीच्या पानावर, तीस जानेवारीला, माझ्याच अक्षरात नोंद होती. "पेटी १९ व २०. कमळाबाईंनी बारीक पांढरे कोष दाखवले. कोरसायराचेच असावेत."

मला तो प्रसंग आठवला. अक्का हातात चिमूटभर काहीतरी घेऊन आल्या होत्या. "मॅडम, हाई देखा. जिरासारखं काय शे हाई?" मी साप्ताहिक तक्ते भरत होते. मान वर करून एकदा पाहिलं आणि म्हटलं, कोष आहेत, पुढे चला. कोरसायराचा कोष बोटाच्या पेराएवढा असतो. हे मला माहीत होतं. तरी मी पाहिलं नाही.

म्हणजे दार उघडं पडायच्या आठवडाभर आधीच ब्रॅकॉन आत होता. आणि होता एकोणीस-वीसमध्ये. दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात.

एकोणीस ते चोवीस ह्या पेट्यांत वेगळं काय होतं, ते शोधायला रजिस्टरची गरज नव्हती.

संक्रांतीला मी घरी जळगावला गेले होते. आमच्या पाकोळ्या वर्षभर आपसांतच वाढत होत्या. अंडी कमी झाली होती, आकारही घटला होता. गाई-म्हशींसारखंच आहे, बाहेरचं रक्त मिसळावं लागतं. म्हणून मी वडिलांच्या ओळखीचे धान्याचे व्यापारी चंपालालशेठ, त्यांच्या दुकानात गेले. जाळी लागलेली जुनी ज्वारी मागितली.

शेठनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, जाळी लागली म्हणून लोक ज्वारी परत घेऊन येतात. मागायला आलेली तू पहिलीच." गोदामातल्या मागच्या थप्पीतलं पोतं उघडून त्यांनी पत्र्याचा पाच किलोचा डबा भरून दिला. अळ्या भरपूर होत्या. मी खूश होते.

नियम असा की बाहेरचा माल वेगळ्या खोलीत ठेवायचा. पाकोळ्या निघाल्या की फक्त त्यांची अंडी घ्यायची, ती धुऊन, भिंगाखाली पाहून मगच मुख्य पेट्यांत. त्याला महिना-दीड महिना लागतो. पाडव्याची कार्डं डोक्यावर होती. मी अळ्यांसकट ती ज्वारी ओंजळीओंजळीने सहा पेट्यांत टाकली. एकोणीस ते चोवीस.

उरलेला डबा भांडाराच्या कपाटात होता. मी तो खिडकीशी नेऊन उघडला. झाकणाच्या आतल्या कडेला पांढरे कोष ओळीने चिकटलेले होते. जिऱ्याएवढे. काही फुटलेले. तळाशी मेलेले ब्रॅकॉन पडले होते.

मी झाकण लावलं. प्रोबेशनचे चार महिने उरले होते, हा विचार पहिल्यांदा आला. अक्कांचा नंतर आला. जसं झालं तसं लिहिते.

डबा घेऊन मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं.

त्यांनी डब्यात पाहिलं नाही. "चौधरी मॅडम, खोली साफ झाली ना?"

"झाली."

"बाई गेली. कारण फायलीत आहे. आता तुम्ही कशाला लिहिता?"

"कारण चुकीचं आहे, साहेब."

"तुमचं प्रोबेशन आहे."

"माहीत आहे. पण खरं कारण लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा असाच डबा आणेल. दारं बंद ठेवूनही हेच होईल."

हे मी त्यांना पटावं म्हणून बोलले. खरं म्हणजे मला त्या मेमोवरचा अंगठा दिसत होता. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "लिहा. मी वर पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

दुपारी मी अक्कांच्या गावी गेले. कारखान्यापासून दोन मैल. त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले आणि सांगितलं, चूक माझी होती, दाराची नव्हती. डब्याची गोष्टही सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो मेमो कथा शे?"

"फायलीत आहे. मी रद्द करायला लिहिलंय."

"लिखेल शे ना? मग आते दुसरा कागद लिखा. आनि बठ्ठ्यास्ना समोर वाची दखाडा. माले वाचता येत नही. त्या बायास्ले बी येत नही. त्यास्नी आयकाले पाहिजे."

म्हणजे सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मी हो म्हटलं. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

साहेबांची सही मिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चुन्याचा वास येणाऱ्या त्या रिकाम्या खोलीत पाच जणी उभ्या होत्या. मी कागद वाचला. कार्यालयीन मराठीत होता. "सदर नुकसानीस श्रीमती कमळाबाई जबाबदार नसून..." इथे अक्कांनी हात वर केला.

"आम्हनी भाषामा सांगा."

मला अहिराणी समजते, बोलता नीट येत नाही. जळगावात घरी आम्ही साधी मराठी बोलायचो. तरी डबा मीच आणला, चूक माझीच, हे मोडकंतोडकं सांगितलं. डबा मी लई उनू. कोष अक्कानी दखाडात, मी देखात नही. अक्कानी चूक नही, मन्ही चूक शे. दोघींना माझ्या बोलण्याचं हसू आवरेना. अक्का हसल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं, डोक्यावरचा पदर काढून नाकाला बांधला.

"चाला, कामले लागा," त्या म्हणाल्या.

मागच्या सहा पेट्यांतून त्या आठवड्यात जेमतेम चमचाभर अंडी मिळाली. ती आम्ही पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने तपासली. नव्या पेट्या भरल्या. मार्च संपता संपता पाकोळ्या निघू लागल्या. पाडव्याची कार्डं अर्थातच गेली नाहीत. साहेबांना गावोगाव जाऊन कार्डांची पहिली फेरी चुकल्याचं सांगावं लागलं, आणि ते मला सोबत घेऊन गेले. एका गावात एका म्हाताऱ्या नानांनी विचारलं, "मित्रकिडीनेच मित्रकिडीचा घास खाल्ला म्हणता?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग आमच्या सोसायटीसारखंच आहे." दुसरी फेरी वेळेवर गेली.

माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. पत्रात कारण होतं, "निष्काळजीपणा". शब्द योग्य होता. कमळाक्कांना मधले गैरहजेरीचे दिवस हजेरीत धरून पुन्हा मस्टरवर घेतलं. साहेबांनी खोलीला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून दिला, त्याच्या तोंडावर बारीक जाळी लावून. ह्यासाठी मी कित्येक महिने अर्ज करत होते. नुकसान झाल्यावर तो आठवड्यात मंजूर झाला. अक्कांचा खोकला कमी झाला, गेला नाही. पुढे चार वर्षांनी त्यांनी काम सोडलं तेव्हाही तो होता.

नंतर मी दोन ठिकाणी अशा प्रयोगशाळा उभारल्या, एक धुळ्याकडे. दोन्हीकडे पहिल्या दिवशी दोन नियम सांगत असे. बाहेरून आणलेला कुठलाही डबा एक पिढी वेगळ्या खोलीत ठेवायचा, तो प्रमुखाने आणला असेल तर दोन पिढ्या. आणि पेट्या झाडणारी बाई काही हातात घेऊन आली, तर तक्ता बाजूला ठेवून आधी भिंग काढायचं. पहिला नियम लोक पाळत. दुसऱ्यासाठी मला नेहमीच पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागे, बहुतेक वेळा स्वतःलाच.